लिहिणारा जातो, लिहिलेले राहते
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)

अध्यक्षबाई, कार्यकारिणीच्या भगिनी, आणि घरची कामे आटोपून, कुणी मांडवीहून, कुणी झाडगावाहून, कुणी थेट मारुती मंदिरापासून चालत आलेल्या माझ्या मैत्रिणींनो,

वर्धापनदिनाला बोलायला उभे राहायचे म्हणजे थोरांची आठवण काढावी, मंडळाचे कौतुक करावे आणि वेळेवर खाली बसावे, असा आपला रिवाज आहे. मी तो पाळणार आहे. फक्त आज कौतुकाच्या जोडीला एक कबुलीही द्यायची आहे, आणि ती मी शेवटाला ठेवली आहे. तिच्यासाठीच हे सारे बोलणे आहे, तेव्हा तेवढा वेळ मला सांभाळून घ्यावे.

मागल्या महिन्यात कार्यकारिणीच्या सभेत एक प्रश्न निघाला. एखाद्याने कुणाविषयी काही खोटे लिहून ठेवले आणि लिहिणारा माणूस पुढे वारला, तर ज्याच्याविषयी लिहिले त्याने दाद कुणाकडे मागायची? लेखकाच्या मुलांकडे? त्याच्या इस्टेटीकडे? की नशिबाला दोष देऊन गप्प बसायचे? प्रश्न सहज निघाला नव्हता. त्याच्या मागे आपल्याच मंडळातली एक गोष्ट होती. पण सभेत आवाज चढले, दोन तट पडले आणि चहा तसाच निवला. तेव्हा मी ठरवले की, यंदा बोलायचे ते याच विषयावर.

अब्रू हा शब्द आपल्या, म्हणजे बायकांच्या, कानावर फार लहानपणी पडतो. घराची अब्रू तुझ्या हातात, असे परकर नेसण्याच्या वयात सांगितले जाते. पण अब्रूनुकसानीचा दावा म्हटला की आपल्याला वाटते, तो मोठ्या लोकांचा, वर्तमानपत्रवाल्यांचा, वकिलांचा मामला. त्यात आपले काय? आपल्या रत्नागिरीच्या मातीतले दोन मोठे पुरुष या अब्रूच्या वाटेने चांगलेच पोळून निघाले होते. त्यांची हकीकत आधी ऐका, म्हणजे आपला प्रश्न आपोआप जवळ येईल.

पहिले अर्थात लोकमान्य. टिळक आळीतले ते घर आपण शाळेच्या पोरांना दरवर्षी दाखवायला नेतो. २३ जुलै १८५६ चा त्यांचा जन्म रत्नागिरीचा. आपण त्यांचे नाव राजद्रोहाच्या खटल्यांशी जोडतो. पण त्यांचा पहिला तुरुंगवास राजद्रोहाचा नव्हता. तो अब्रूनुकसानीचा होता. आणि त्या खटल्यात अब्रू गेल्याची तक्रार दुसऱ्याची होती, लिहिणारे हे होते.

झाले असे की, ‘केसरी’ आणि ‘मराठा’ ही पत्रे १८८१ साली निघाली. तेव्हा कोल्हापूरच्या गादीवरचे दत्तक छत्रपती, चौथे शिवाजी, वयाने अगदी तरुण होते. त्यांना वेडे ठरवून त्यांचा छळ चालला आहे, अशी बातमी पुण्यास येत होती. दोष येत होता संस्थानचे कारभारी रावबहादूर बर्वे यांच्यावर. पुराव्यादाखल काही पत्रे हाती आली आणि या पत्रांनी बर्व्यांवर कडक लिहिले. बर्व्यांनी फिर्याद केली. चौकशीत ती पत्रे बनावट ठरली. टिळक-आगरकरांनी दिलगिरी व्यक्त केली, तरी खटला चाललाच, आणि जुलै १८८२ मध्ये दोघांना चार महिन्यांची साधी कैद झाली. त्यातले १०१ दिवस त्यांनी मुंबईस डोंगरीच्या तुरुंगात काढले. आगरकरांनी त्यावर पुढे पुस्तकच लिहिले.

आता लोकांचे काय झाले ते पाहा. लोक सगळे या दोघा तरुणांच्या बाजूचे. जोतीराव फुल्यांच्या शब्दाखातर रामशेट उरवणे यांनी जामिनासाठी दहा हजार रुपये उभे केले. खटल्याच्या खर्चासाठी विद्यार्थ्यांनी नाटके केली. दोघे सुटून आले तेव्हा त्यांचे थाटाने स्वागत झाले. आणि पुढच्याच वर्षी, १८८३ साली, ते तरुण छत्रपती अहमदनगरला नजरकैदेत असताना वारले, तेव्हा लोकांच्या मनात राहिलासाहिला संशयही उरला नाही.

मला यातली एक गोष्ट फार विचार करण्यासारखी वाटते. त्या मुलाविषयीची काळजी खरी होती, आणि हातातले कागद मात्र खोटे होते. दोन्ही एकाच वेळी. लोकांनी काळजी पाहिली आणि कागद पाहिले नाहीत. टाळ्या वाजवणाऱ्यांचे चुकले असे मी म्हणत नाही. अशा वेळी आपणही टाळ्या वाजवल्या असत्या. पण छापलेले चूक होते हे कबूल करायला लागणारे धैर्य त्या संपादकांनी दाखवले, त्याची आठवण जल्लोषात कुणाला राहिली नाही. आपण मुलांना १०१ दिवस सांगतो, त्याआधीची दिलगिरी सांगत नाही.

दुसरे गोपाळराव गोखले. हेही आपलेच; गुहागर तालुक्यातल्या कोतळूकचे. टिळक-आगरकरांच्या खटल्यासाठी निधी जमवायला कोल्हापुरात नाटक झाले, त्यात कॉलेजात शिकणाऱ्या गोखल्यांनी स्त्रीपार्ट केला होता, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. पुढे पंधरा वर्षांनी त्यांच्यावरच पाळी आली.

१८९७ साली पुण्यात प्लेग होता. घरे तपासायला गोरे सोल्जर येत, देवघरात आणि माजघरात शिरत. गोखले तेव्हा एका कमिशनपुढे साक्ष द्यायला विलायतेस गेले होते. पुण्याहून त्यांना पत्रे गेली की, सोल्जरांनी बायकांवर अत्याचार केले आहेत. पत्रे लिहिणारी माणसे विश्वासाची. गोखल्यांनी ते तिथल्या वर्तमानपत्रात प्रसिद्ध केले. सरकारने पुरावा मागितला. गोखले परत आले, चौकशी केली. साक्षीला कोणी पुढे येईना. ज्यांच्या पत्रांवर विसंबून लिहिले त्यांची नावे सांगून मोकळे होणे त्यांना सहज शक्य होते. ते त्यांनी केले नाही. सिद्ध करता येत नाही ते मागे घेतले पाहिजे, म्हणून त्यांनी गव्हर्नरची आणि सोल्जरांचीही जाहीर माफी मागितली.

यावर आपल्या लोकांनी काय केले? भ्याड म्हटले. खोट्या कागदांवर तुरुंगात गेलेल्यांना हारतुरे, आणि सिद्ध न झालेले बोलणे मागे घेणाऱ्याला दूषणे. त्या माफीची बोच गोखल्यांना पुढे कितीतरी वर्षे होती.

भगिनींनो, इथे मला बाई म्हणून एक गोष्ट बोलली पाहिजे. साक्षीला कोणी आले नाही, यावरून काही घडलेच नाही असे ठरत नाही. त्या काळात कोणती सून, कोणती लेक साहेबापुढे उभी राहून असली हकीकत सांगणार होती? तिच्या घरच्यांनीच तिला दाराबाहेर पाऊल टाकू दिले नसते. तेव्हा गोखल्यांची माफी ही खरेखोटे ठरवणारी माफी नव्हती; मला दाखवता येत नाही ते मी छापायला नको होते, एवढेच ती सांगत होती. खरे काय ते त्या बायकांनाच ठाऊक, आणि त्यांना कोणी विचारले नाही.

आता तिसरा प्रसंग, आणि तो सर्वांत मोठा. यात लोकमान्य दुसऱ्या बाजूला आहेत. लिहिणारा दुसरा आणि अब्रू यांची.

१९०८ साली राजद्रोहाबद्दल सहा वर्षांची शिक्षा होऊन लोकमान्य मंडालेस गेले. दैवाची गंमत अशी की, त्याच वेळी मंडालेचा पदच्युत राजा थिबा आपल्या रत्नागिरीत इंग्रजांचा कैदी होता. त्याचा राजवाडा आजही आपल्या गावात उभा आहे. रत्नागिरीचा पुत्र मंडालेत आणि मंडालेचा राजा रत्नागिरीत. लोकमान्य तिकडे असताना, १९१० साली, लंडनच्या ‘टाइम्स’चे व्हॅलेंटाइन चिरोल यांनी हिंदुस्थानातल्या असंतोषावर पुस्तक लिहिले. मॅकमिलन कंपनीने ते प्रसिद्ध केले. त्यात टिळकांना या सगळ्या असंतोषाचा जनक ठरवले होते. तेवढ्याने टिळक रागावले नसते. पण रँडच्या आणि नाशिकच्या जॅक्सनच्या खुनांशी त्यांचा संबंध जोडला होता. तालमी आणि गोरक्षण यांच्या नावाखाली भलतेच चालते असे सुचवले होते. पैसे उकळल्याचा आरोप होता. आणि ताई महाराज प्रकरणात एका विधवेशी ते वाईट वागले असे म्हटले होते. जो माणूस तुरुंगात आहे, तो उत्तर कसे देणार?

लोकमान्य १९१४ साली सुटले. पुढच्या वर्षी त्यांनी नोटीस दिली आणि लंडनच्या कोर्टात चिरोल आणि मॅकमिलन कंपनी, दोघांवर दावा लावला. कंपनीचे नाव लक्षात ठेवा. ते पुढे लागणार आहे. महायुद्ध चालू होते. एकदा तर निघालेल्या लोकमान्यांना कोलंबोहून परत फिरावे लागले. शेवटी सप्टेंबर १९१८ मध्ये, वयाच्या बासष्टाव्या वर्षी, मधुमेहाने पोखरलेले शरीर घेऊन ते बोटीत बसले. लंडनला हॉवली प्लेस या रस्त्यावर ज्या घरी ते राहिले, त्यावर आज त्यांच्या नावाची पाटी आहे. २९ जानेवारी १९१९ ला सुनावणी सुरू झाली. लोकमान्यांच्या बाजूने सर जॉन सायमन, समोर सर एडवर्ड कार्सन, न्यायासनावर जस्टिस डार्लिंग. कार्सनसाहेबांनी जुन्या शिक्षा एकेक करून ज्यूरीपुढे मांडल्या. २१ फेब्रुवारीला निकाल लागला. लोकमान्य हरले, आणि दोन्ही बाजूंचा खर्च त्यांच्या अंगावर आला. सगळा मिळून हिशेब सुमारे तीन लाख रुपयांचा झाला. १९१९ चे तीन लाख!

ताई महाराज प्रकरणात तर १९१५ सालीच लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने लोकमान्यांच्या बाजूने निकाल दिला होता. तरीही चार वर्षांनी त्याच शहरातल्या ज्यूरीपुढे ते हरले. कोर्टाच्या दारात अब्रू कशी मिळते आणि कशी जाते, याचा हा नमुना. आणि जिच्या नावाने ते प्रकरण आपण आजही ओळखतो, ती तरुण विधवा तर खटले संपण्याच्या कितीतरी आधी वारली होती. तिची बाजू तिच्या तोंडून कोणी लिहून ठेवली नाही. तिचे नाव तेवढे कागदावर राहून गेले.

पुन्हा लोकांकडे वळू. इंग्रजाने तीनदा तुरुंगात टाकलेल्या माणसाने इंग्रजाच्याच ज्यूरीकडे न्याय मागायला जावेच कशाला, असे म्हणणारे तेव्हाही होते, आजही आहेत. पण बाकीच्यांनी निकाल वाचला आणि खिशात हात घातला. निधी निघाला, त्यात तीन लाखांच्या वर रक्कम जमली, आणि लोकमान्यांच्या डोक्यावरचे कर्ज लोकांनी उतरवले. चिरोलने दूषण म्हणून दिलेले विशेषण लोकांनी पदवी म्हणून उचलले. आज ‘भारतीय असंतोषाचे जनक’ हे शब्द शाळेतले पोर अभिमानाने लिहिते, आणि चिरोल कोण हे शंभरात एखाद्यालाच ठाऊक असते. ज्यूरीने घेतलेली अब्रू लोकांनी व्याजासकट परत केली.

हे ऐकून आपला ऊर भरून येतो, आणि यावाच. पण घरी जाताना एवढा विचार करा. लोकमान्यांना लोक होते. ज्या साध्या बाईविषयी चार ओळी छापून येतात, तिला कोण असते? तिच्यासाठी निधी निघत नाही, मिरवणूक निघत नाही. तिच्याविषयीचे ते वाक्य कपाटात पडून राहते, आणि कुणी कपाट उघडले की पुन्हा जिवंत होते.

आता सभेत निघालेला प्रश्न. लिहिणारा मेला तर काय? मी आपल्याकडच्या एका वकीलबाईंना विचारून घेतले. त्यांनी सांगितले ते सोप्या शब्दांत असे. माणूस मेला म्हणजे त्याची देणी-घेणी मरत नाहीत. ती वारसांकडे, इस्टेटीकडे जातात. पण १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याच्या ३०६ व्या कलमाने अब्रूनुकसानीचा दावा त्यातून वगळला आहे. लिहिणारा वारला की त्याच्यावरचा दावा त्याच्याबरोबर सरणावर जातो. ज्याची अब्रू गेली तो वारला, तरी त्याचाही दावा तसाच जातो. शिवाय छापल्यापासून एका वर्षाच्या आत दिवाणी दावा लावावा लागतो, ती मुदत वेगळीच. फौजदारी कायद्यात मात्र मृत माणसाविषयी एक शब्द आहे. मेलेल्याविषयी त्याच्या घरच्यांचे मन दुखवण्याच्या हेतूने नालस्ती केली, तर तोही गुन्हा होऊ शकतो. जुन्या दंडसंहितेच्या ४९९ व्या कलमात हे होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्यायसंहितेत ते ३५६ व्या कलमात आले आहे.

आपल्या मराठीत याचे उदाहरण घडलेले आहे. आनंद यादवांच्या संत तुकारामांवरच्या कादंबरीने वारकरी दुखावले, पुण्याच्या कोर्टात अब्रूनुकसानीची फिर्याद झाली. यादवांनी माफी मागितली, कादंबरी मागे घेतली, तरी २००९ च्या महाबळेश्वरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना सोडावे लागले, आणि ते संमेलन अध्यक्षावाचून झाले. तेव्हाही लोकांत दोन तट होते. आणि दोन्हीकडे कादंबरी न वाचताच बोलणारे पुष्कळ होते.

वकीलबाईंनी शेवटी आणखी एक गोष्ट सांगितली, आणि ती ऐकून मी खुर्चीत सरळ बसले. त्या म्हणाल्या, “लेखक गेला तरी छापणारा असतो. आणि जुने वाक्य पुन्हा छापले, तर ते नव्याने छापल्यासारखेच धरतात. मग जबाबदारी आज छापणाऱ्याची.” मॅकमिलन कंपनीचे नाव लक्षात ठेवा म्हटले होते ते यासाठी. लोकमान्यांनी लेखकावर दावा लावला तसा प्रकाशकावरही लावला होता.

आता कबुली.

१९८७ साली आपल्या मंडळाने दिवाळीच्या फराळाची विक्री केली. पैसे सांभाळण्याचे काम एका भगिनीकडे होते. त्यांना आपण सगळ्या काकू म्हणतो. नाव घेत नाही, पण त्या आज इथे बसल्या आहेत. त्या वर्षीच्या अहवालात एक वाक्य आले की, विक्रीपैकी ६४० रुपयांचा हिशेब संबंधित भगिनीकडून मिळालेला नाही. नाव नव्हते. नाव कशाला हवे? संबंधित भगिनी एकच होती, आणि आळीला ती ठाऊक होती.

काकूंनी त्याच वेळी सांगितले होते की, पैसे मी चिटणीसबाईंच्या हातात दिले. हे तोंडी सांगणे तोंडीच राहिले. इतिवृत्तात कुणी घेतले नाही. काकू मंडळात यायच्या बंद झाल्या. त्यांच्या मुलीला स्थळ आले, तेव्हा पलीकडच्या बाईंनी चौकशीत त्या ६४० रुपयांचा उल्लेख केला. स्थळ फिरले. पुढे मुलीचे चांगले झाले, पण ते दुसरीकडे, आणि तीन वर्षांनी.

चिटणीसबाई दहा वर्षांपूर्वी वारल्या. त्यांचा फोटो चंदनाचा हार घालून आपल्या सभागृहात लावलेला आहे, आणि तो तिथे असायलाच हवा. शिवणवर्ग त्यांनी सुरू केला, बालवाडीच्या परवानगीसाठी कचेऱ्यांचे उंबरठे त्यांनी झिजवले. गेल्या वर्षी गणपतीच्या आधी त्यांच्या घराला रंग काढायचा होता. माळ्यावरच्या ट्रंकेत त्यांची पाककृतींची वही निघाली, आणि तिच्यात सभागृहाच्या भाड्याची एक पावती. पावतीच्या पाठीवर बाईंच्याच अक्षरात लिहिले होते की, फराळाचे ६४० काकूंकडून घेऊन हे भाडे भरले.

बाईंच्या मनात काही वाईट नव्हते. दिवाळीची गर्दी, पैसे घेतले, भाडे भरले, पावती वहीत ठेवली आणि विसरल्या. हिशेब जुळेना, तेव्हा जे दिसले ते लिहिले. ती पावती लपवून ठेवणे त्यांच्या सुनेला अवघड नव्हते. ती पावती घेऊन ती स्वतः माझ्या घरी आली, ओटीवर बसली आणि म्हणाली, “काकी, सासूबाईंचं नाव जाईल याची भीती वाटते, पण हे घरात ठेवून मला झोप लागत नाही.”

काकूंना पावती दाखवली. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “मला पैसे नकोत, भांडण नको. जिथं ते वाक्य छापलंत, तिथंच दुसरं छापा.”

यावर कार्यकारिणीत जे झाले ते पुष्कळांनी ऐकले आहे. मेलेल्या माणसाविषयी वाईट बोलू नये, असे एकीने सांगितले. इतक्या वर्षांनी आठवते कुणाला, असे दुसरीने विचारले. काकूंनी तेव्हाच पिच्छा का पुरवला नाही, असे तिसरीचे म्हणणे पडले. एकीने तर म्हटले की, दावा लावायचाच तर आता बाईंच्या फोटोवर लावा. हसू आले सगळ्यांना. मीही हसले, आणि मग माझी मलाच लाज वाटली.

या सगळ्यांना माझे उत्तर असे आहे. आठवते कुणाला? आपल्याच स्मरणिकेला. दर वेळी आपण जुन्या अहवालांतले उतारे छापतो. यंदाच्या उताऱ्यांसाठी १९८७ चा अहवाल निवडला होता, आणि त्यात ते वाक्य जसेच्या तसे होते. म्हणजे चिटणीसबाई गेल्यावर दहा वर्षांनी ते खोटे आपण स्वतःच्या हाताने पुन्हा छापणार होतो, आणि त्या वेळी दोष त्यांचा नसता, आपला असता. मेलेल्याविषयी वाईट बोलू नये हे मला मान्य आहे. पण चूक दुरुस्त करणे म्हणजे वाईट बोलणे नव्हे. बाई असत्या तर पावती सापडल्या दिवशीच काकूंच्या दारात गेल्या असत्या, अशी मला खात्री आहे. जे त्यांना करता आले नाही ते त्यांच्या सुनेने केले. आता मंडळाचा वाटा मंडळाने उचलायचा.

आणि माझा वाटा माझा. भगिनींनो, १९८७ च्या त्या अहवालाची मुद्रिते तपासायला माझ्याकडे होती. मी मराठी शिकवणारी, म्हणून मला दिली. मला चांगले आठवते, त्या वाक्यातला एक ऱ्हस्व उकार मी लाल शाईने दीर्घ केला, आणि पान छापायला पाठवले. शुद्धलेखन पाहिले. वाक्य खरे आहे की नाही, हे काकूंना विचारायला माझ्या घरून त्यांच्या घरी चार मिनिटांची वाट होती. मी गेले नाही. गोखल्यांनी आगबोटीतून उतरून, सगळ्या देशाच्या शिव्या खाऊन, जे केले ते मला चार मिनिटांच्या वाटेवर करता आले नाही. वर पुढे लोक बोलू लागले तेव्हा, छापले आहे म्हणजे काहीतरी असेलच, असे मीही मनात म्हटले.

परवाच्या सभेत ठराव झाला. एकमताने झाला असे मी सांगणार नाही; दोघी तटस्थ राहिल्या, आणि तो त्यांचा हक्क आहे. ठरावाप्रमाणे यंदाच्या स्मरणिकेत १९८७ चा उतारा छापला जाईल, त्यातून ते वाक्य गुपचूप गाळले जाणार नाही. त्या वाक्याखालीच, त्याच आकाराच्या अक्षरात, दुसरे वाक्य येईल. ते मी इथे वाचून दाखवते आणि खाली बसते.

“वरील ६४० रुपये संबंधित भगिनीने त्याच वेळी मंडळाकडे जमा केले होते व ते सभागृहाच्या भाड्यापोटी भरले गेले; त्याची पावती मंडळाच्या दप्तरी आहे. चौकशी न करता मजकूर छापल्याबद्दल मंडळ या भगिनीची क्षमा मागत आहे.”

काकू, मुद्रिते या वेळीही माझ्याकडेच आहेत. छापायला देण्यापूर्वी ती घेऊन मी तुमच्याकडे येईन.